गादीचा दसरा

वाचकाचं पत्र (थोडं कापून):

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत आहे. सकाळी डोळे उघडायच्या आधी त्याच्या शिंका सुरू होतात. पंधरा, वीस, मग मी मोजायचं सोडून देते. नाक गळतं, डोळे चोळून चोळून लाल होतात. गणपती गेले आणि रात्री छातीत सूं-सूं वाजायला लागलं. डॉक्टरांनी बाळदमा सांगून दोन पंप दिले, एक निळा आणि एक रोज घ्यायचा. रोजचा आम्ही तीन आठवड्यांनी बंद केला, कारण शेजारच्या काकू म्हणाल्या की पंपाची एकदा सवय लागली की जन्मभर सुटत नाही. नाक चोंदलं की औषधाचे थेंब घालते. दोन महिने झाले, रोज रात्री. ओळखीतून रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणी करून घेतली, तर नव्वद गोष्टींची यादी आली. घरातल्या धुळीपुढे चार अधिक चिन्हं, आणि केळं, दही, वांगं, गहू, शेंगदाणे यांच्यापुढे एकेक. तेव्हापासून हे सगळं बंद आहे. आणि धुळीचं म्हणाल तर मी पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी असं दोनदा झाडते, त्याची गादी रोज झटकते, गॅलरीत मातीची कुंडीसुद्धा ठेवलेली नाही. मग ही धूळ येते कुठून? मिस्टर हवा शुद्ध करायचं यंत्र घेऊ म्हणतात. सासूबाई हैदराबादच्या माशाच्या औषधाचं सुचवतात. आता घटस्थापना आली, दसरा काढायचाय, घरभर धूळ उडणार. मुलाला महिनाभर मामाकडे ठेवू का?

— एक आई, चिंचवड

(पत्राच्या तळाशी पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात: ‘काका मी दिवाळीत किल्ला केला तर चालेल का. आई नाही म्हणते.’)

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडलो: ‘त्याची गादी रोज झटकते.’ कुठे झटकता, मुलगा तेव्हा कुठे असतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण साडेपाचची झाडलोट आणि डोळे उघडायच्या आधीच्या शिंका शेजारी शेजारी ठेवल्या की मला चित्र दिसतं. पोरगं झोपलंय, त्याच खोलीत केरसुणी फिरतेय, आणि तो उठून बसला की त्याच्या नाकाखालीच अंथरूण झटकलं जातंय. तुमच्या घरात झाडलोट कमी पडत नाही हो. थोडी जास्तच होतेय, आणि भलत्या वेळी.

रागावू नका. यात दोष असलाच तर तो ‘धूळ’ या शब्दाचा. रस्त्यावरची माती, कुंडीतली माती, पुस्तकांवरचा थर, माळ्यावरची जळमटं, सगळ्याला आपण एकाच नावाने हाक मारतो. रिपोर्टात ‘घरातली धूळ’ असं छापलेलं असतं तेव्हा मात्र बहुतेक वेळा त्यामागे एक किडा असतो. कोळ्याच्या गोत्रातला, आठ पायांचा, लांबीला जेमतेम मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. इंग्रजीत त्याला माइट म्हणतात, आपणही तेच म्हणू. घरातल्या धुळीने दमा उठतो हे डॉक्टरांना फार आधीपासून माहीत होतं, पण त्या धुळीत नेमकं काय आहे ते कळत नव्हतं. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी १९६४ च्या सुमारास या किड्याकडे बोट दाखवलं. ओलसर घरांतली धूळ जास्त त्रास का देते, हे कोडंही त्याने सुटलं.

हा माइट चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून रोज झडणारा कातडीचा कोंडा हे त्याचं अन्न. पाणी तो पीत नाही, हवेतला ओलावा अंगात शोषून घेतो. म्हणजे त्याला काय काय हवं ते बघा: ऊब, ओल आणि कोंडा. हे तिन्ही एका जागी रात्रभर पुरवणारी घरातली वस्तू म्हणजे गादी. त्यातही उशी, कारण तिथे घाम आहे, श्वासाची वाफ आहे आणि डोक्यातला कोंडाही आहे. फरशीवर तो फारसा टिकत नाही. म्हणजे तुम्ही दिवसातून दोनदा जिथे झाडता तिथे तो जवळपास नाहीच.

त्रास देतात त्या मुख्यतः त्याच्या लेंड्या. एक माइट दिवसाला वीसेक टाकतो. लेंडीत एक प्रथिन असतं, ते नाकाच्या ओल्या अस्तराला लागलं की तुमच्या मुलाचं शरीर शत्रू आला म्हणून आरोळी ठोकतं. या लेंड्या धूलिकणांच्या मानाने जड असतात. गादी झटकली की वर उडतात आणि पाव-अर्ध्या तासात खाली बसतात. बसतात त्या पुन्हा त्याच गादीवर. मग मूल कूस बदलतं, उशीत नाक खुपसतं, आणि झालं.

आता महिना बघा. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते, घरात कपडे वाळत नाहीत, गाद्यांना दोन-तीन महिने ऊन दिसत नाही. माइटची चंगळ. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की तो सुकत जातो, पण तोवर भाद्रपद संपलेला असतो आणि गादीत लेंड्यांचा साठा झालेला असतो. किडा मेला तरी लेंडी मरत नाही, ती मुळात जिवंत नसतेच. ‘गणपती गेले आणि सूं-सूं सुरू झालं’ हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. माझ्या दवाखान्यात दरवर्षी याच पंधरवड्यात बाळदम्याच्या पोरांची रांग लागते.

आणि म्हणूनच मला दसरा काढायच्या रीतीचं फार कौतुक वाटतं. घटस्थापनेआधी घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण, गोधड्या, वाकळा, पलंगपोस काढायचे, नदीवर किंवा हौदावर नेऊन आपटून धुवायचे, कडक उन्हात दोन दिवस घालायचे. कुणी सुरू केलं, कशासाठी केलं, देव जाणे. पण पावसाळ्याच्या शेवटी, माइट ऐन भरात असताना, घरातलं सगळं बिऱ्हाड त्याच्यासकट धुऊन काढायचं, यापेक्षा नेमकं काम मीही सांगू शकलो नसतो. फक्त दोन गोष्टी बिनसल्या. एक, आपण हल्ली दसरा काढतो म्हणजे भांडी घासतो, माळा उपसतो, पंखे पुसतो, आणि गोधडी यंत्रात मावत नाही म्हणून तशीच घडी करून ठेवतो. दोन, वर्षातून एकदा पुरत नाही.

तेव्हा यंदा घराचा दसरा नेहमीसारखा काढा किंवा नका काढू, पण त्या पोराच्या गादीचा दसरा काढा. तो कसा, ते सांगतो.

गादी कापसाची आहे का, किती जुनी आहे, हे तुम्ही लिहिलं नाही. सासरहून आलेली, पिंजाऱ्याकडून दोनदा पिंजून घेतलेली असेल तर तिला आता निरोप द्या. जीव नसेल होत, तर तिला चारी बाजूंनी बंद होणारी, चेन असलेली, घट्ट विणीची खोळ घाला. दुकानात ‘माइटप्रूफ’ म्हणून मिळते. तेवढा खर्च नको असेल तर रेक्झिनची शिवून घ्या. गरम होतं, वर जाड सुती चादर घाला म्हणजे निभेल. उशीलाही तशीच खोळ. पण वरून घालायच्या अर्ध्या अभ्र्याचा उपयोग नाही, सहाही बाजू झाकल्या गेल्या पाहिजेत.

आता खरं सांगायचं तर या खोळींबद्दल वैद्यकशास्त्रातही बरीच ओढाताण झालेली आहे. इंग्लंडमध्ये हजाराहून जास्त मोठ्या माणसांवर केलेला एक प्रयोग २००३ साली छापून आला, त्यात नुसत्या खोळींनी दम्यात काहीच फरक दिसला नाही. मी स्वतः त्यानंतर बरीच वर्षं खोळ लिहून देणं बंद केलं होतं. मग २०१७ मध्ये तिथलाच मुलांवरचा प्रयोग आला. दम्याचा जोराचा झटका येऊन रुग्णालयात गेलेली, माइटची अ‍ॅलर्जी असलेली मुलं त्यात घेतली होती. पुढच्या वर्षभरात साध्या खोळीवर झोपणाऱ्या शंभरातल्या ४१ मुलांना झटक्यासाठी पुन्हा रुग्णालय गाठावं लागलं, घट्ट खोळीवाल्या शंभरातल्या २९ मुलांना. फरक आहे, चमत्कार नाही. तुमचा मुलगा लहान आहे, माइटपुढे चार अधिक चिन्हं आहेत, म्हणून मी तुम्हाला ‘घ्या’ म्हणतो. पंप बंद करून नुसती खोळ घालणार असाल तर नका घेऊ.

चादर, अभ्रा, पांघरूण आठवड्यातून एकदा धुवायचं. रविवार ठरवून टाका. पाणी साठ अंशांचं हवं, तेवढ्यात माइट मरतो. तुमच्या यंत्रात पाणी तापवायची सोय नसेल तर बादलीत कडक पाणी घेऊन अर्धा तास भिजत ठेवा आणि मग यंत्रात टाका. अंघोळीचं कोमट पाणी पुरत नाही. अर्थात गार पाण्याने धुतलं तरी लेंड्या बऱ्याचशा वाहून जातात, किडे तेवढे राहतात. म्हणजे काहीच न करण्यापेक्षा तेही बरं. गोधडी त्याला अंगावर घ्यायला आजीचीच हवी असेल (हवी असतेच) तर तीही या फेऱ्यात आली पाहिजे. नाहीतर सहज धुता येईल अशी सोलापुरी चादर द्या. मऊ खेळणी असतील तर एक-दोनच ठेवा. ती पिशवीत बांधून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवायची आणि मग धुवायची.

ऑक्टोबरचं ऊन आता सुरू होईल. गादी गच्चीवर पूर्ण दिवस तापवा, दोन्ही अंगांनी. झटकायची तिथेच, नाकाला रुमाल बांधून, आणि मुलगा शाळेत असताना. केर काढायचा तोही तो शाळेत गेल्यावर, आणि त्याच्या खोलीत केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने. पहाटे साडेपाचला तुम्हीही झोपा हो जरा.

मामाकडे महिनाभर? नको. शाळा बुडेल आणि मामाच्या गाद्याही त्याच पावसाळ्यातून गेल्या आहेत. प्रत्यक्ष उपसाउपशीचे दोन दिवस पाठवा, आणि जाताना त्याची धुतलेली उशी आणि चादर बरोबर द्या.

यंत्राबद्दल. हवा शुद्ध करणारी चांगली यंत्रं खोटी नसतात, बारीक कण ती खरोखर पकडतात. धुरासाठी, मांजराच्या अ‍ॅलर्जीसाठी त्यांचा काही उपयोग होतो, कारण ते कण तासन्‌तास हवेत तरंगतात. पण तुमच्या मुलाचा शत्रू उशीत बसलाय आणि यंत्र खोलीच्या कोपऱ्यात. लेंडी हवेत येते तेव्हा तिच्यापासून मुलाचं नाक वीतभर अंतरावर असतं. यंत्राच्या पैशांत दोन खोळी, चार चादरी आणि वर्षभराचा पंप येईल. मिस्टरांना यंत्रच घ्यायची हौस असेल तर आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळासारखं यंत्र घेऊ द्या. काही शे रुपयांत येतं आणि भिंतीवर शोभतंही. आणि उन्हाळ्यात पाण्याचा कूलर त्याच्या खोलीत लावू नका. ओल वाढवायचं त्याच्याइतकं सोपं साधन दुसरं नाही.

रिपोर्टाकडे येतो, कारण त्याचा मला खरा राग आलाय. तुमचा नाही, असल्या याद्यांचा. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध थोडीशी प्रतिद्रव्यं सापडणं म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. ज्यांना काडीचा त्रास नाही अशा माणसांचं रक्त तपासलं तरी यादीत दोन-चार चिन्हं उमटतात. पदार्थ खाल्ल्यावर काय होतं, हा खरा प्रश्न. तुमचा मुलगा दहा वर्षं पोळी, दही, केळं, शेंगदाण्याची चटणी खात होता ना? खाल्ल्याखाल्ल्या कधी अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या, धाप लागली? असं एकदा जरी झालं असेल तर तो पदार्थ घरी परत सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा. तसं कधीच झालेलं नसेल, आणि तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही, तर त्याला उद्या सकाळी पोळी आणि केळं द्या. वाढत्या वयाच्या पोराला इतके दिवस गव्हावाचून ठेवायचं, तेही पहाटेच्या शिंकांसाठी! दही थंड असतं, केळ्याने कफ होतो, हे आपल्या आज्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे. माझी आईही तेच म्हणायची. पण त्या कारणावरून दम्याच्या मुलाचं केळं तोडावं असं काही सापडलेलं नाही.

पुन्हा तपासणीची घाई नको. गरज पडलीच तर हातावर थेंब ठेवून सुईने हलकंसं टोचतात ती त्वचेची तपासणी करून घ्या. पंधरा-वीस मिनिटांत निकाल डोळ्यांना दिसतो. तिच्या आधी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या थांबवाव्या लागतात, तेवढं विचारून घ्या. कुणी लगेच अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं किंवा जिभेखालचे थेंब सुचवले तर आधी त्यात काय काय आहे ते विचारा. माइटची लस चांगली असते, तीन वर्षं तरी चालवावी लागते आणि दमा काबूत असतानाच सुरू करतात. रिपोर्टातल्या पंधरा-वीस गोष्टी एका बाटलीत घालून दिलेल्या मिश्रणावर माझा विश्वास नाही.

आता काकूंचा पंप. या काकू मला प्रत्येक सोसायटीत भेटतात, आणि त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण ताई, औषध बंद केल्यावर त्रास परत आला, याला सवय म्हणत नाहीत. दमा गेलेला नव्हता, दबलेला होता. श्वासनळीच्या आतल्या अस्तराला सूज असते. निळा पंप आवळलेली नळी चार-सहा तास सैल करतो, सुजेला तो हात लावत नाही. सूज उतरवतो तो रोजचा पंप, आणि त्याला आठवडे लागतात. तीन आठवड्यांत मूल छान दिसायला लागलं म्हणून तुम्ही थांबवलंत, नेमकं तेव्हाच ते औषध कामाला लागलं होतं.

‘त्यात स्टेरॉइड असतं’ हीसुद्धा भीती असणार, म्हणून हिशेब मांडतो. अशा पंपातून तुमच्या मुलाच्या वयाला दिवसाकाठी साधारण २०० ते ४०० मायक्रोग्रॅम जातं, आणि तेही थेट श्वासनळीत. रोजचा पंप न घेता एक दिवस जोराचा झटका आला की रुग्णालयात तोंडावाटे स्टेरॉइड द्यावं लागतं, समजा ३० मिलिग्रॅम. म्हणजे ३०,००० मायक्रोग्रॅम. वजनाने पाहिलं तर शंभर दिवसांचा पंप एका दिवसात, तोही सबंध शरीरात. काही गावांत दम्याच्या म्हणून ज्या बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांनी लगेच बरं वाटतं ते अनेकदा याच स्टेरॉइडमुळे. पंपाचा तोटा अजिबात नाही असंही म्हणणार नाही. वर्षानुवर्षं घेणाऱ्या मुलांची उंची सरासरी एखाद्या सेंटीमीटरने कमी भरते. रात्र-रात्र बसून काढणाऱ्या मुलापुढे मला तो सेंटीमीटर मोठा वाटत नाही. तुम्ही आणि तुमचे डॉक्टर मिळून ठरवा, पण ठरवा तुम्ही, काकूंनी नाही. औषध कमी करायची वेळ येते, सुमारे तीन महिने सगळं शांत राहिलं की डॉक्टरच मात्रा उतरवत आणतात.

पंप स्पेसरमधून घ्यायचा, प्लॅस्टिकचा तो लांबट डबा. एका वेळी एकच फवारा, नंतर खळखळून चूळ. दहातल्या सात-आठ घरांत मी पंप घ्यायची पद्धत चुकलेली पाहतो, तेव्हा पुढच्या भेटीत मुलाला डॉक्टरांसमोर घेऊन दाखवायला सांगा.

नाकाचे ते थेंब मात्र आज रात्रीपासून कमी करायला लागा. नाक झटकन मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांसाठी असतात. त्यापुढे तेच नाक चोंदवायला लागतात: थेंब उतरला की नाक आधीपेक्षा घट्ट, म्हणून पुन्हा थेंब. सवय लागते ती याची! काकूंनी यावर काही सांगितलं नाही का? आधी डॉक्टरांकडून नाकात मारायचा स्टेरॉइडचा रोजचा फवारा घ्या. मग थेंब एका नाकपुडीत बंद करा, ती सुधारली की दुसरीत. फवारा मारताना मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, टोक कानाच्या दिशेला, मधल्या पडद्याकडे नाही. जोरात ओढायचा नाही, नाहीतर तो घशात जातो. पूर्ण गुण यायला दोन आठवडे द्या. नाक आणि छाती ही एकाच नळीची दोन टोकं आहेत. वरचं टोक सुजलेलं ठेवून खालचं बरं होत नाही, म्हणून नाकाचं औषध ‘नुसत्या सर्दीचं’ समजून सोडू नका.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. माशाचं ते औषध मृगालाच देतात, आणि मृग केव्हाच होऊन गेला म्हणावं. पुढच्या मृगालाही धाप लागणाऱ्या पोराच्या घशात जिवंत मासा घालावा असं मला वाटत नाही. त्याने दमा जातो याला आधार नाही. त्यांना एक काम मात्र द्या. नवरात्रात धूप आणि ढीगभर उदबत्त्या बंद, नुसतं तुपाचं निरांजन. धूर ही अ‍ॅलर्जी नव्हे, पण सुजलेल्या नळीला तो मिरचीच्या फोडणीसारखा झोंबतो. डासांच्या कॉइलचंही तेच, त्यापेक्षा मच्छरदाणी लावा.

आणखी दोन-तीन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, पण घर फिरून बघा. कपाटामागच्या भिंतीला ओल आहे का? काळे ठिपके, कुबट वास म्हणजे बुरशी. तिच्यावर रंग मारून भागत नाही, वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची गळती थांबवावी लागते, म्हणजे भांडणही आलंच. ओट्याखाली झुरळं असतील तर त्यांच्या विष्ठेचीही अ‍ॅलर्जी असते. फवारणी नको, जेल लावून घ्या. डक्टमध्ये कबुतरं असतील तर जाळी बसवा. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांनी होणारा फुप्फुसाचा आजार हा दम्याहून निराळा असतो. त्यात शिंका नसतात, कोरडा खोकला आणि चालताना धाप हळूहळू वाढत जाते, आणि उशीर झाला तर फुप्फुस कायमचं आक्रसतं. घरातल्या मोठ्या माणसांपैकी कुणाला असं होत असेल तर त्याला ‘दगदग’ म्हणून सोडू नका.

राहिले पराग. पावसानंतर हरळी, काटेमाठ, एरंड फुलतात, आणि गाजरगवत तर आहेच. ते आपल्या देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच, १९५५ च्या सुमारास. तेव्हा हे आपल्या जिल्ह्याचं देशाला योगदान! वाऱ्यावर पराग सोडणारी झाडं बहुधा दिसायला भिकार असतात. ज्यांची फुलं देखणी, त्यांचे पराग कीटक नेतात, वारा नाही. त्यामुळे गॅलरीतल्या जास्वंदीला उगाच दोष देऊ नका. सातविणीचा ऑक्टोबरातला उग्र वास डोकं उठवतो, पण तिचेही पराग फारसे उडत नाहीत.

माइट की पराग, हे ओळखायला एक चाळीस पानी वही करा. तारीख, किती शिंका, रात्री सूं-सूं होती का, आणि आदल्या दिवशी कुठे कुठे गेला होता. वहीला हसू नका. बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात २६ वेळा असं झालं की एकाच दिवशी दम्याच्या रुग्णांची रुग्णालयात झुंबड उडाली. कुणाला काही कळेना. शेवटी तारखा जुळवल्या, तर त्या-त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जात होतं. एका कोठाराला धूळ अडवणारी गाळणीच नव्हती. ती बसवली आणि झटके थांबले. तुमच्या वहीत कदाचित निघेल की पिठाच्या गिरणीत गेला तो दिवस वाईट, किंवा मैदानावरचं गवत कापलं तो.

एक गोष्ट वहीत लिहीत बसायची नाही. वाक्य पूर्ण बोलता येत नाही इतकी धाप, बरगड्यांमधली कातडी आत खेचली जाणं, ओठ निळसर पडणं, किंवा निळ्या पंपाचा गुण चार तासही न टिकणं, यातलं काहीही दिसलं तर निळ्या पंपाचे चार फवारे स्पेसरमधून एकेक करून द्यायचे, दर फवाऱ्याला चार श्वास, आणि रुग्णालयाची वाट धरायची. चार-पाच मिनिटांत फरक पडला नाही तर वाटेतच पुन्हा चार. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

आता पेन्सिलवाल्या साहेबांना.

बाळा, किल्ला कर. बिनधास्त कर. आईला माझं नाव सांग. ज्या धुळीने तुला शिंका येतात ती तुझ्या उशीत असते, मातीत नाही. ओली माती उडतही नाही. फक्त माळ्यावरची गेल्या वर्षीची पोती तू काढायची नाहीस, त्यात बुरशी असते. ती बाबांना काढू दे आणि बाहेर नेऊन पाण्याने भिजवू दे. माती कोरडी चाळायची नाही, पाणी मारून मग हात घालायचा. अळीव पेरायचे असतील तर वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेर, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत हिरवागार होईल. फटाके किल्ल्याजवळ नाहीत, तुझ्याजवळ तर नाहीतच. निळा पंप खिशात हवा. आणि सकाळचा पंप घेतल्याशिवाय मावळ्यांना हात लावायचा नाही.